मालवणच्या अलीकडचं लंडन

पोरांनो,

परवा तुम्ही दोघांनी फोनवर मला कोंडीत पकडलंत. संगणकावर पाहून म्हणालात, "आजी, इथे लिहिलंय, मुंबईपासून आमच्यापर्यंत इतके किलोमीटर आणि इतके तास. मग तू नेहमी लांब, लांब का म्हणतेस?" आकडे बरोबर आहेत, मी ताडून पाहिले. पण ते ताडताना मला एका माणसाची इतकी आठवण झाली की संध्याकाळचं फिरणं बुडवून लिहायला बसले. तुम्हाला सोपं जावं म्हणून आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. जन्मभर इंग्रजी शिकवलं खरं, पण हा माणूस काही इंग्रजीत येईना. तेव्हा मराठीतच लिहिते. अडेल तिथे तुमच्या आईला विचारा. तीही त्या दिवशी हजर होती. मात्र झोपलेली होती.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. आम्ही अंधेरी पूर्वेला चकाल्याच्या बाजूला राहत होतो. तीन मजल्यांची सोसायटी, समोर एक आंब्याचं झाड, आणि डोक्यावरून विमानं. विमान गेलं की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबायचा आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे बोलायचा. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहत. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी नोकरी झाली होती, म्हणून सगळे त्यांना 'कंट्रोलर' म्हणत. निवृत्त झाले होते, पण गाड्या सोडायचं काम मनातून सुटलं नव्हतं. कोणी भेटलं की "कसे आहात" असं त्यांनी कधी विचारलं नाही. "किती वाजता सुटलात?" असं विचारत. सोसायटीच्या फळ्यावर पाण्याची सूचनाही ते तशीच लिहीत: टाकीतून सुटेल अमुक वाजता, पहिला मजला अमुक, तिसरा मजला अमुक. तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. पाणी उशिरा आलं तर ते स्वतः जिना चढून येत, घड्याळ पाहत आणि म्हणत, "आज लेट आहे." जणू पाणी वाटेत कुठे चहाला थांबलं होतं.

त्यांच्या पत्नी सांगत की लग्नात अंतरपाट धरलेला असताना यांनी भटजींना मनगटावरचं घड्याळ दाखवलं होतं.

विमान गेलं की कंट्रोलर एक बोट वर करत आणि म्हणत, "मस्कत." किंवा "दिल्ली." किंवा "दुबई, उशिरा." मान वर करून ते कधी पाहत नसत. आवाजावरून कसं ओळखता, असं मी एकदा विचारलं. "आवाजावरून कोण ओळखतंय, बाई? वेळेवरून." शाळेत शिकवत असल्यामुळे ते मला बाईच म्हणत. तुमच्या आजोबांचं म्हणणं होतं की त्यांनी दुबई म्हणून सांगितलेलं एक विमान आजोबांनी गच्चीतून नीट पाहिलं होतं, आणि ते भलतंच होतं. पण आजोबांनी हे कंट्रोलरांना कधी सांगितलं नाही. पाण्याची टाकी कंट्रोलरांच्या हातात होती.

आता मुद्द्यावर येते. आमच्या इमारतीत कोकणातली बरीच माणसं होती आणि त्यातल्या दोन-तीन घरांतली मुलं नोकरीसाठी आखातात गेली होती. त्यांच्या आया रडत. कंट्रोलर त्यांची समजूत घालत, पण त्यांची पद्धत वेगळी होती. किलोमीटर हा शब्द त्यांना आवडत नसे. ते म्हणत, "किलोमीटर रस्त्याला असतात. माणसाला तास असतात." मग ते विमानाचे तास घेत आणि मुंबई-गोवा रस्त्यावर तेवढ्या तासांत एसटी कुठपर्यंत जाते ते सांगत. "मस्कत म्हणजे काय गो? पेण. तुझा झिल पेणला आहे. पेणला असलेल्या मुलासाठी कोणी रडतं?" हे ऐकून ती बाई खरोखरच डोळे पुसायची. पुढे पुढे त्या आया आपापसात बोलतानाही तसंच म्हणू लागल्या. एकीचा मुलगा पेणला, दुसरीचा नागोठण्याला.

मी नकाशा काढून त्यांना दाखवला होता. पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून अंतर मोजून दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, दोरा कधी गाडीत बसला नाही."

या सगळ्याची खरी गरज पडली ती आमच्याच घरात.

तुमचे लंडनचे आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, शिकायला म्हणून गेले आणि तिकडेच राहिले. तिकडेच लग्न केलं. सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजीने, त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. सून फक्त फोटोत पाहिली होती. मग त्यांना मुलगी झाली, आणि दिरांनी आईसाठी तिकीट पाठवलं. त्यांना सुट्टी मिळत नव्हती, आईनेच यावं अशी त्यांची इच्छा होती. तिकिटाला मुदत होती. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, लोकरीचा कोट झाला. सगळं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माका नको तां विमान."

आम्हाला वाटलं, पडायची भीती असेल. आजोबांनी त्यांना विमान किती सुरक्षित असतं ते समजावलं. त्या ऐकत होत्या आणि तांदूळ निवडत होत्या. कोणी काही विचारलं की म्हणत, "त्याकाच हंय बोलवा." आणि दुपारी, सगळे निजले आहेत असं समजून, नातीचा फोटो उशीखालून काढून पाहत. मी हे दोनदा पाहिलं.

शेवटी आजोबांनी कंट्रोलरांना वर बोलावलं. ते आले, खुर्ची ओढून सासूबाईंच्या समोर बसले. दोघं एकाच तालुक्यातले, मालवणाकडचे, त्यामुळे बोलणं सरळ मालवणीत सुरू झालं. लंडनचे तास किती, ते त्यांनी दिरांच्या पत्रावरून आधीच पाहून घेतले होते. साडेनऊ. थोडा वेळ डोळे मिटून त्यांनी गाडी नेली आणि डोळे उघडले.

"राजापूर."

सासूबाईंचे हात तांदळात थांबले.

"काकीनू, लंडन म्हणजे राजापूर. तुमचो गाव त्याच्या फुडे. कणकवली फुडे, मालवण त्याच्याही फुडे. म्हणजे लंडन तुमच्या गावापेक्षा जवळ."

आम्ही सगळे सासूबाईंच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी हिशेब मनात करून पाहिला असावा, कारण त्या हो म्हणाल्या. राजापूर जवळ हे त्यांना मान्य होतं. "पण राजापुरापर्यंत मी चार वेळा खाली उतरतंय," त्या म्हणाल्या. "माणगावाक, महाडाक, खेडाक, चिपळुणाक. कधी कंडक्टराक सांगान मधीच. एसटी थांबता. दोरी ओढली काय थांबता. विमान कोण थांबयतलो?"

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. त्यांना पडायची भीती नव्हती. उतरता येणार नाही, याची भीती होती. साडेनऊ तासांत एकदाही पाय जमिनीला लावायचा नाही, ही गोष्ट त्यांच्या छातीवर बसली होती. एवढे दिवस आम्ही भलत्याच भीतीवर औषध देत होतो.

कंट्रोलर विचारात पडले. मग म्हणाले, "बैठक हवी. बैठक सवयीने येते. तालीम घेऊ."

पुढच्या रविवारी तालीम ठरली. माझा आधी यावर विश्वास बसला नाही. पण शनिवारी संध्याकाळी फळ्यावर पाण्याच्या सूचनेखाली दुसरी सूचना होती: 'मुंबई-लंडन. सुटेल सकाळी आठ. फलाट: तळमजला, सेक्रेटरींची खोली. प्रवाशांनी वेळेआधी यावे.'

त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीतलं सामान हलवून खुर्च्या दोन ओळींत मांडल्या होत्या. मधे वाट. खुर्च्या सगळ्या घरांतल्या, त्यामुळे एक उंच, एक बुटकी. पट्ट्यांसाठी जुन्या धोतराच्या चिंध्या. मी, आजोबा, तुमची आई आणि इमारतीतले आणखी पाच-सहा जण प्रवासी. रविवार होता, काही जण नुसते गंमत म्हणून आले होते आणि त्यांना वाटत होतं अर्ध्या तासात उठता येईल. दार लागल्यावर त्यांना कळलं.

त्याआधी सामानाची तपासणी झाली. सासूबाईंनी खरी ट्रंक आणली होती, कारण तालीम म्हणजे तालीम. कंट्रोलरांनी त्यातून नारळ काढून घेतला. नारळ विमानात चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. हे त्यांना कुठून कळलं ते देवाला ठाऊक. तो नारळ दुपारच्या सोलकढीत गेला. सासूबाईंनी सोलकढी प्यायली, पण नारळाची गोष्ट पुढे कित्येक वर्षं बोलून दाखवली.

हवाई सुंदरी कंट्रोलरांच्या पत्नी होत्या. त्यांना सकाळपासून हसत राहायला सांगितलं होतं. त्या अंगाने भरलेल्या आणि स्वभावाने रोखठोक. सरबताचा ट्रे घेऊन त्या वाटेत उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "माका हसूक येना. हसूचो पगार मिळता काय?" त्यावर सगळे प्रवासी हसले. कंट्रोलर हसले नाहीत. ते दाराशी सायकलची घंटा घेऊन उभे होते. आठ वाजता त्यांनी दोनदा घंटी मारली आणि विमान सुटलं.

पहिला तास मजेत गेला. पनवेल येईपर्यंत सासूबाई नीट बसल्या. मग त्यांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी पट्ट्याची गाठ सोडली. कंट्रोलरांनी पुन्हा बांधली. त्या म्हणाल्या, एक मिनिट बाहेर वारा घेते. ते म्हणाले, बाहेर वारा फार आहे, खाली काही नाही. दोघांचं असं पेणपर्यंत चाललं. कंट्रोलर मधूनमधून घोषणा करत, दोन्हीकडच्या, म्हणजे "पेण आलं, खाली मस्कत." तुमची आई एव्हाना झोपली होती. इतक्या प्रवाशांत खऱ्या विमानातल्यासारखी वागणारी ती एकटीच.

महाडला सासूबाईंच्या कपाळावर घाम आला. तो खोटा नव्हता. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि मला वाटलं, आता हे थांबवावं. म्हातारीला कशाला छळायचं? लंडन राहिलं तर राहिलं. मी कंट्रोलरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर उकिडवे बसून ते हळू आवाजात पुढचे थांबे सांगत होते. पोलादपूर, मग घाट, घाटात एक वळण, मग दुसरं. प्रत्येक वळण. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

जेवण आलं. बांगड्याची कढी, आणि ती काटा-चमच्याने खायची. त्या अर्ध्या तासाविषयी मी लिहीत नाही.

जेवणं आटोपली आणि बाहेरून कोणी दार वाजवलं. आवाज ओळखीचा होता. "गॅस! तिसरा मजला, गॅस!"

पोरांनो, तुम्हाला हे कळायला कठीण जाईल. तेव्हा सिलिंडर नोंदवून आठवड्यांमागून आठवडे वाट पाहावी लागे. माझा सिलिंडर केव्हाच संपला होता आणि मी रॉकेलच्या स्टोव्हवर घर चालवत होते. वर कुलूप पाहून तो माणूस खाली सेक्रेटरींकडे आला होता. रविवारी येण्याची त्याची ती पहिलीच वेळ, आणि मी पट्टा बांधून बसलेली. मी गाठ सोडली. उभी राहिले. कंट्रोलर दारात आडवे आले, पण मी शिक्षिका होते, त्यांना बाजूला करणं मला काही अवघड नव्हतं.

मागून सासूबाई म्हणाल्या, "गो, दार उघडू नको. आपण दर्यावर आसंव."

मी वळून पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. पाठ ताठ होती, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, नजर समोरच्या भिंतीवर. घाम वाळला होता. माझ्या नकाशाप्रमाणे आम्ही त्या वेळी तुर्कस्तानावर असायला हवे होतो, समुद्र बराच मागे राहिला होता. मी दुरुस्ती केली नाही. मी परत येऊन बसले आणि पट्टा बांधला.

गॅसवाल्याने आणखी दोनदा हाक मारली. मग जिन्यावरून सिलिंडर उतरवल्याचा, गडगडत हातगाडीवर चढवल्याचा आवाज आला. आजोबा पुढच्या खुर्चीवरून न वळता म्हणाले, "गेला." त्यांच्या आवाजात फार दुःख होतं. स्टोव्हला पंप मारायचं काम त्यांच्याकडे होतं.

साडेपाचला कंट्रोलरांनी एकदा घंटी मारली. राजापूर आलं. सगळे धडपडत उठले. कोणाची कंबर धरली होती, कोणाच्या पायाला मुंग्या. सासूबाई सर्वांत शेवटी उठल्या. गुडघे दाबले, पदर सारखा केला, खोलीभर पाहिलं.

"एवढाच?" त्या म्हणाल्या. आणि मला, "तिकीट खंय ठेवलंस?"

निघायच्या दिवशी सहार विमानतळावर आख्खी इमारत आली. कंट्रोलर कठड्याला टेकून उभे होते. आत जाता येत नव्हतं, म्हणून बाहेरूनच सूचना देत होते. सासूबाईंनी त्यांना एवढंच विचारलं की हे पण तसंच आहे ना. "तसंच," ते म्हणाले. "फक्त खुर्च्या सारख्या उंचीच्या." त्या आत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

फोन इमारतीत फक्त कंट्रोलरांकडे होता. दिरांनी पोचल्याचा फोन करायचा असं ठरलं होतं. कंट्रोलरांच्या हिशेबाने जी वेळ होती ती टळली. अर्धा तास गेला, तास गेला. कंट्रोलर फोनसमोर बसले होते. त्यांच्या बायकोने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार म्हणून परत नेला. मी इतके दिवस त्या माणसाला ओळखत होते, पण गाडी उशिरा झाल्यावर त्यांचा चेहरा असा होतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी कोणाला उद्देशून नाही, पण म्हटलं, "मी पाठवलं तिला."

फोन वाजला तेव्हा त्यांनीच उचलला. दीर पलीकडून ओरडून बोलत होते, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. आई पोचली होती, उत्तम होती, नात मांडीवर होती. उशीर झाला कारण विमान वाटेत आखातात थांबलं होतं. थांबा तिकिटातच होता. तिथे सगळ्या प्रवाशांना खाली उतरून बसायला सांगितलं. सगळे उतरले. आई उतरली नाही.

"उतरली नाही म्हणजे?" कंट्रोलरांनी विचारलं.

विमानातल्या मुलीने विनवलं, मग तिच्या वरचा अधिकारी आला, मग हिंदी बोलणारा कोणी आला. आईने पट्टा धरून ठेवला आणि सगळ्यांना मालवणीत सांगितलं की राजापूर आल्याशिवाय ती उठणार नाही. शेवटी तिला तशीच ठेवून त्यांनी आजूबाजूला झाडून घेतलं.

आम्ही सगळे हसत सुटलो. आजोबांना तर भिंतीचा आधार घ्यावा लागला. कंट्रोलर मात्र फोन हातात घेऊन तसेच उभे होते.

"थांबा होता?" त्यांनी दिरांना पुन्हा विचारलं. "मला थांबा कोणी सांगितला नाही."

उभा जन्म त्यांनी गाड्यांचे थांबे पाठ म्हणण्यात घालवला होता आणि तालमीत नेमका थांबाच घ्यायचा राहिला. त्यांनी फोन ठेवला. कोणीतरी त्यांचं अभिनंदन केलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग बायकोकडे वळून म्हणाले, "चार वेळा उतरणारी बाई. थांब्यावर पण उतरली नाही." आणि त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी घड्याळाला किल्ली दिली, जे त्यांनी सकाळीच केलं होतं.

सासूबाई लंडनला चार महिने राहिल्या. त्यांनी नातीला न्हाऊमाखू घातलं, सुनेला कुळथाची पिठी शिकवली, आणि थंडी वाजते म्हणून परत आल्या. येताना त्या थांब्यावर उतरल्या. कंट्रोलरांसाठी तिथून खजूर आणले. ते त्यांनी घेतले, पण आधी विचारलं की गाडी तिथे किती वेळ उभी होती.

त्यानंतर सासूबाई पुन्हा विमानात बसल्या नाहीत, आणि दिरांना येणं जमलं तोवर त्या राहिल्या नव्हत्या. मायलेकांची भेट झाली ती त्या चार महिन्यांतच. मी लांब म्हणते ते याला.

आता ती इमारत नाही, तिथे उंच टॉवर आहे. कंट्रोलर गेले, त्यांच्या पत्नी गेल्या, तुमचे आजोबाही गेले. सासूबाईंचा पासपोर्ट माझ्याकडे आहे. फोटोत त्या फार घाबरलेल्या दिसतात. इथून जाण्याचा एक आणि परत येण्याचा एक असे शिक्के आहेत, आणि दोन्ही अजून वाचता येतात.